फुकटची जागा, हरवलेली अक्षरं

आज नागपुरात बसून गिटहब पेजेसवर फुकटात साइट टाकता येते. १९९०च्या दशकातही अशी फुकट जागा होती, जिओसिटीज. मराठीची अडचण होस्टिंगची नव्हतीच, फॉन्टची होती. इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीचे आकार चढवलेले असायचे. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसला की 'सीताबर्डी'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण घरच्या कॉम्प्युटरवर यायला बरीच वर्षं गेली. मी ज्युनियर्सना म्हणतो, होस्टिंग फुकटचं घे बे, पण मजकूर युनिकोडमध्ये ठेव अन् डोमेन स्वतःच्या नावावर. कारण याहूने जिओसिटीज विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केलं. काहींनी पानं उतरवून वाचवली. त्यातलं जुन्या फॉन्टमधलं मराठी त्या फॉन्टशिवाय अजूनही नीट दिसत नाही. १९९६ची मायबोली मात्र युनिकोडवर आली, आजही उघडते.