किती दिवस राहिले?

शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वर, कालनिर्णय टांगलेले आहे. दुधाच्या हिशेबाशेजारी त्याच्या चौकटींत पेन्सिलीने बारीक आकडे घातलेले असतात: ११२, ११३, ११४. मुलगी न्यू जर्सीत, काका-काकूंकडे ग्रीन कार्ड, आणि तिकडे थंडी पडली की दोघे पुण्यात. ते आकडे अमेरिकेबाहेर काढलेल्या दिवसांचे. परवा काकांनी चहाचा कप खाली ठेवत विचारले, “किती दिवस राहिले गं?” काकूंनी आकड्यावरचे बोट न उचलता उलट विचारले, “इथे राहिलेले विचारताय, की जायला राहिलेले?”

काकूंची शंका व्याकरणाला धरूनच होती. ‘मी पुण्यात राहिलो’ यातले राहणे म्हणजे वसणे. ‘दोन दिवस राहिले’ यात ते उरणे झाले. ‘छत्री बसमध्ये राहिली’ म्हणजे मागे सुटली आणि ‘पत्र लिहायचे राहिले’ म्हणजे झालेच नाही. त्यावर कडी करते ते ‘राहून गेले’. राहिले की गेले? मराठी माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण बाईला ‘दिवस गेले’ काय आणि ‘दिवस राहिले’ काय, पेढे त्याच बातमीचे असतात.

हे क्रियापद प्राकृतातल्या ‘रहइ’वरून आलेले दिसते. त्याच्याही मागे संस्कृतातला ‘रह्’ धातू असावा, असे एक मत आहे. आता गंमत अशी, की ‘रह्’ म्हणजे सोडणे, त्यागणे. विरह, रहित, एकांतवाचक ‘रहस्’ आणि त्यावरून आलेले रहस्य ही सगळी त्याचीच प्रजा. सोडण्यातून राहणे कसे निघाले असावे? इतरांनी सोडल्यावर जो उरतो तो राहतो, अशी अर्थाची वाट असू शकेल. छत्रीचे उदाहरण तिला पुष्टी देते. ही व्युत्पत्ती मान्य केली, तर ‘रहिवास’ हा शब्द फारच मजेचा ठरतो. पूर्वपदात सोडणे, उत्तरपदात वसणे, आणि दोन्हींची गाठ मारून आपण सरकारी अर्जात लिहितो ‘रहिवासी’.

उत्तरपदातला ‘वस्’ त्या मानाने सरळ: वसती, वस्ती, वास्तू, निवास, आणि दाखल्याच्या रांगेत भेटणारा अधिवास. पण त्याला ‘प्र’ लागला की तो घर सोडतो. प्रवास म्हणजे आज आपल्याला गाडी, डबा, खिडकीची जागा आठवते. संस्कृतात मात्र त्याचा पहिला अर्थ घरापासून दूर जाऊन राहणे. असा दूर राहिलेला तो ‘प्रोषित’, आणि ज्या नायिकेचा पती दूरदेशी आहे ती प्रोषितभर्तृका. निवासी आणि प्रवासी हे एका धातूचे सख्खे भाऊ, फरक उपसर्गापुरता. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला सरकार एका कागदावर ‘अनिवासी’ म्हणते आणि ९ जानेवारीला त्याच्यासाठी ‘प्रवासी’ भारतीय दिवस साजरा करते. १९१५ साली त्या तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले होते. परत येण्याच्या तारखेला दूर राहणाऱ्यांचा उत्सव, हाही ‘राहून गेले’चाच प्रकार म्हणायचा.

प्रवासाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मेघदूतातला यक्ष. त्याला शाप वर्षभराचा. काकूंच्या कालनिर्णयाच्या हिशेबाने पाहिले, तर त्याची अवस्था बिकट आहे. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहून परतणारा ग्रीन कार्डधारक अमेरिकी कायद्याच्या नजरेत नव्याने प्रवेश मागणारा ठरू शकतो. वर्ष भरले, की आत शिरायला नुसते कार्ड पुरत नाही. त्यासाठी ‘री-एन्ट्री परमिट’ लागते. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. म्हणजे यक्षाने अलका सोडण्यापूर्वीच कुबेराच्या कचेरीत अर्ज टाकायला हवा होता. मेघाकडे निरोप देऊन भागले नसते.

अशा कार्डधारकाला मराठीत आपण म्हणतो ‘कायम रहिवासी’. यातला ‘कायम’ आपण ‘नेहमीचा’ या अर्थाने घेतो. मूळ अरबी ‘काइम’ म्हणजे उभा असलेला. त्याचा धातू क-व-म. किंमत, कौम आणि सगळे मेलेले उठून उभे राहतील ती कयामत, ही त्याचीच भावंडे. आणि मुक्कामसुद्धा! एकाच धातूतून कायमचा ‘कायम’ आणि एका रात्रीचा ‘मुक्काम’. उलट ‘कायदा’ कानाला ‘कायम’चा जुळा वाटला, तरी त्याचा धातू वेगळा, क-अ-द, म्हणजे बसणे, कायदा म्हणजे मुळात बैठक, पाया. इंग्रजीतला ‘रेसिडेंट’ही लॅटिनमधल्या बसण्यावरून आलेला, आपल्या ‘सद्’ आणि ‘सदन’ यांचा दूरचा नातलग. थोडक्यात, त्यांचा रहिवासी बसलेला, आपला उभा. विमानतळावरची रांग पाहिली, की आपला शब्द अधिक नेमका वाटतो.

उभे असण्याचा हा अर्थ ‘कायम’मध्ये अजून जिवंत आहे. वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा ‘कायम केली’ म्हणजे अनंतकाळ केली असे नव्हे. ती उभी राहिली, पडली नाही, इतकेच. ग्रीन कार्डातला कायमपणाही याच जातीचा. साध्या कार्डाची मुदत १० वर्षांची, त्यामागच्या दर्जाला मुदत नाही. पण दर्जा (तोही अरबी, मूळ अर्थ पायरी) घसरू शकतो. कार्डाच्या रंगाचे म्हणाल, तर तो गेल्या शतकाच्या चाळिशीत हिरवा होता, साठीत बदलला, पुढे आणखी बदलला आणि २०१० साली पुन्हा हिरवा झाला. मधली चार-पाच दशके रंग नव्हता, नाव राहिले.

क-व-मचे आणखी एक अपत्य रत्नागिरी-दापोलीच्या घराघरांत माहीत आहे. आखाती देशांत राहण्याच्या परवान्याला म्हणतात ‘इकामा’. “इकामा संपला”, “इकामा लावून घेतला” ही वाक्ये तिथे रेशनकार्डाइतकी रुळलेली. अरबीत स्थायिक तो ‘मुकीम’, वाटसरू तो ‘मुसाफिर’. आणि एकाचा दुसरा कधी होतो, याची चर्चा इस्लामी धर्मशास्त्राने फार पूर्वीच केली आहे, कारण मुसाफिराला नमाजात सवलत असते. कोकणी मुसलमान शाफिई परंपरेचे. त्या मताप्रमाणे एखाद्या गावी पुरे चार दिवस राहायचे ठरवले, की माणूस मुकीम होतो. हनफी मताने १५ दिवस ठरवावे लागतात. यात दिवसांइतकेच वजन ‘ठरवण्या’ला आहे, हे ध्यानात ठेवू. त्याच्याकडे परत यायचेच आहे.

तत्पूर्वी आपल्या गावात डोकावू. मराठेशाहीतल्या गावात शेती करणारे दोन प्रकारचे: मिरासदार आणि उपरी. मिरास म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. अरबी ‘मीरास’ आणि आपले वारस, वारसा एकाच धातूचे. उपरी बाहेरून येऊन जमीन कसणारा. आजचा ‘उपरा’ त्याचाच अवतार असावा. दुष्काळ पडला, सारा थकला, की मिरासदारही गाव सोडून ‘परागंदा’ होई. हा फारसी शब्द, मूळ अर्थ विखुरलेला. आपण त्याचा ‘परांगदा’ही केला; त्यात ‘पर’ म्हणजे परका मुलूख, असे काहीसे कानाला ऐकू आले असावे. पण परागंदा झाला म्हणून मिरास लगेच बुडत नसे. जमीन मधल्या काळात उपऱ्याने कसली, तरी मिरासदार किंवा त्याचा वारस परतला, की तिच्यावर हक्क सांगू शके. उपरी रोज नांगर धरूनही उपरीच, आणि परागंदा दूर राहूनही गावचा. (यक्षाच्या शापाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे साधार मांडणाऱ्या पंडितांचे आडनाव मिराशी होते. प्रवाशाचा पत्ता शोधून द्यायला गावचा मिरासीच लागतो, असे दिसते.)

आता काकांच्या प्रश्नाकडे. ग्रीन कार्ड ‘मेंटेन’ करणाऱ्यांत एक समजूत पक्की आहे: सहा महिन्यांच्या आत एक चक्कर मारून आले, की काम झाले. ‘मेंटेन’ हा शब्दही लॅटिनमधल्या ‘हातात धरण्या’वरून आलेला, त्यामुळे कार्ड हाती आहे तोवर सगळे ठीक, असे वाटणे साहजिक. कायदा मात्र बैठक मारून दुसरेच विचारतो: बाहेर गेलात ते तात्पुरते होते का? घर कुठे, कामधंदा कुठे, जवळची माणसे कुठे, कर भरताना स्वतःला रहिवासी म्हटलेत की अनिवासी? यांची उत्तरे उलटी आली, तर दर सहा महिन्यांच्या चकराही दर्जा वाचवतील असे नाही. ती सरळ आली, तर लांबलेल्या मुक्कामाचाही खुलासा होऊ शकतो. कॅनडाची रीत मुख्यतः अंकगणिताची: पाच वर्षांत ७३० दिवस तिथे भरले पाहिजेत.

या दोन रीतींसाठी मराठीपाशी एकच शब्द आहे, आणि मला तो या साऱ्या भटकंतीतला सर्वांत मोठा लाभ वाटतो: ‘नियत’. संस्कृत ‘नियत’ म्हणजे ‘यम्’ला ‘नि’ लागून बांधलेले, ठरलेले. नियत दिवस, नियत वेळ. अरबीतून फारसीमार्गे आलेली ‘नियत’ म्हणजे मनातला हेतू. नमाजापूर्वी करतात ती, आणि एखाद्याची चांगली नाही असे आपण म्हणतो ती. अक्षरे तीच, कुळे दोन, एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कॅनडा पहिले नियत मोजते, अमेरिका दुसरी तपासते, आणि शाफिई मौलवींना दोन्ही लागतात.

हे सगळे मी काकूंना ऐकवले. त्यांनी ऐकून घेतले, पेन्सिल उचलली, त्या दिवसाच्या चौकटीत ११५ लिहिले आणि म्हणाल्या, “दिवसांचं ठीक आहे रे, ते मोजता येतात. ह्यांची नियत मात्र बालगंधर्वाच्या तिकिटावर आहे.” आतून काकांचा आवाज आला, “अगं, किती दिवस राहिले ते सांगायचं राहिलंच!”