एकवीस अंश दक्षिणेला

चैत्रातली पहाट, चारचा सुमार. गुलबर्ग्याजवळच्या आळंदमधल्या एका घराच्या माळवदावर तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे आहात. वृश्चिक पुरता वर आलाय. त्यातली लालसर ज्येष्ठा शोधा आणि तिथून डावीकडे, किंचित वर सरका. क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर, भुजंगधारीच्या पायापाशी, डोळ्यांना ठळक असं काहीच दिसत नाही. तिथेच नजर रोवा. खगोलवाल्यांच्या भाषेत या जागेची क्रांती उणे साडेएकवीस अंश. हीच जागा धरून तुम्हाला चारशे वर्षं मागे जायचं आहे.

ऑक्टोबर १६०४. दिवेलागण होऊन गेलीय. पायाखाली माळवद नाही, नुसतं टेकाड आहे, पण आकाश ओळखीचं. नैर्ऋत्येला गुरू, मंगळ आणि शनी जवळजवळ आलेत. आणि गुरूच्या शेजारी काल नसलेला एक तारा आहे. पुढच्या काही दिवसांत तो गुरूपेक्षाही तेजस्वी होतो. प्रागमध्ये योहानेस केप्लर त्याच्या नोंदी ठेवतोय. चीन आणि कोरियातही दरबारी निरीक्षक लिहून ठेवताहेत. वर्षभरात तारा विझत जातो आणि जागा पुन्हा रिकामी होते. कोणत्या दिवशी, कुठे आणि किती ठळक, एवढं कोणीतरी मन लावून लिहिलं, म्हणून तो एका ताऱ्याचा स्फोट होता हे आज आपल्याला कळतं.

आता तीन शतकं पुढे या. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या बेताला आहे आणि आळंद निजामाच्या मुलखात. गुलबर्ग्याला गाडी धरा, वाडीला बदला आणि हैदराबाद गाठा. बेगमपेठेत निजामिया वेधशाळा उभी आहे. नवाब जफर जंग यांनी ती १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने सुरू केली. त्यांच्या पश्चात १९०८ मध्ये राज्याने ती चालवायला घेतली. १८८७ मध्ये पॅरिसला ठरल्याप्रमाणे जगातल्या वेधशाळांनी ताऱ्यांची यादी करायला आकाशाचे पट्टे पाडून वाटून घेतले होते. चिलीतल्या सॅन्टियागोकडचा उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा मागे पडला, तो हैदराबादने उचलला. तुमची साडेएकवीस अंशांची जागा याच पट्ट्यात येते.

आत या. ८ इंची दुर्बिणीने रात्री घेतलेली काचेची प्लेट टेबलावर आहे. तिच्यावर ५ मिलिमीटरच्या चौकटींची बारीक जाळी उमटवलेली. सूक्ष्मदर्शकातून पाहा: फिकट काचेवर काळे ठिपके, तेच तारे. प्लेटवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. ठिपका चौकटीच्या डाव्या रेषेपासून किती दूर, खालच्या रेषेपासून किती, आकारमान काय. तीन आकडे मोजायचे, लिहायचे आणि पुढच्या ठिपक्याकडे वळायचं. डोळे दुखायला लागतात. हे काम १९१४ ते १९२९ चाललं. १२६० प्लेटा आणि २ लाख ९३ हजारांच्या आसपास तारे. १९१८ पासून टी. पी. भास्करन यांनी वेधशाळा सांभाळली. ज्यांनी दिवसचे दिवस ठिपके मोजले, त्यांची नावं मात्र आज किती जणांना सांगता येतील? दख्खनच्या विज्ञानाचा इतिहास लिहिताना या मंडळींना पहिल्या पानावर जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्या यादीत केप्लरच्या जागेभोवतीचे तारे आहेत, पण स्फोटाचा मागमूस नाही. चूक त्यांची नव्हती. त्या स्फोटाचे धूसर तंतू दृश्य प्रकाशात सापडायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. वॉल्टर बाडे यांना ते दिसले. उसळलेला मलबा अजूनही भोवतालच्या वायूत घुसतोय, तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरताहेत आणि रेडिओ लहरी फेकताहेत. त्या पकडायला वेगळा कान लागतो.

म्हणून आता सिडनीच्या पश्चिमेला, फ्लर्सच्या माळावर चला. साल १९५५. दीड हजार फूट लांबीच्या दोन ओळी एकमेकींना छेदताहेत, एक पूर्व-पश्चिम, एक दक्षिणोत्तर. हा बर्नार्ड मिल्स यांचा क्रॉस. तरंगलांबी साडेतीन मीटर. दुर्बीण हलत नाही, पृथ्वी फिरते आणि आकाश वरून सरकत जातं. खोलीत लेखणी कागदाच्या पट्टीवर रेघ ओढतेय. रेघ थरथरते, हळूहळू चढते, तीन-साडेतीन मिनिटांत उतरते. एक रेडिओ सोर्स दुर्बिणीच्या बीममधून, म्हणजे तिला दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यातून गेला. पण ती चढण एकाच सोर्सची होती की शेजारशेजारच्या दोघांची? पेन्सिल घ्या आणि ठरवा.

हा प्रश्न किती जीवघेणा आहे ते लवकरच कळलं. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांच्या गटाने १९३६ रेडिओ सोर्सची यादी काढली होती. मंद सोर्स अपेक्षेपेक्षा फारच जास्त, म्हणजे विश्व पूर्वी वेगळं होतं आणि फ्रेड हॉईल यांचं स्थिर विश्व मोडीत निघालं, असा त्यांचा दावा. मिल्स आणि ब्रूस स्ली यांनी दोन्ही दुर्बिणींना दिसणारा आकाशाचा भाग घेतला आणि आपली यादी त्यांच्या यादीशेजारी ठेवली. ओळी जुळेनात. एकच आकाश, दोन याद्या, आणि मंद सोर्सच्या बाबतीत जवळपास काहीच साम्य नाही. आळंदच्या दर्ग्याचा उरूस उमरग्याच्या रस्त्यावरून पाहावा तसं केंब्रिजचं झालं होतं: लांबून दहा दिव्यांचा एकच झगझगाट दिसतो आणि आपण तो एक मोठा दिवा म्हणून मोजतो. त्यांचा बीम रुंद होता आणि मंद सोर्स एकमेकांत मिसळून खोटे उंचवटे तयार करत होते. १९५९ मध्ये केंब्रिजने वेगळ्या तरंगलांबीवर केलेल्या तिसऱ्या यादीत ४७१ सोर्स आहेत. त्यातच तुमची रिकामी जागा नाव घेऊन भेटते: थ्री सी ३५८. राइल यांच्या निष्कर्षाची दिशा पुढे बरोबर ठरली, हेही सांगायला हवं. तरी खोट्या ओळींवर उभा केलेला खरा निष्कर्ष विज्ञानाला चालत नाही, आणि मिल्स-स्ली यांनी तो तेव्हा चालू दिला नाही याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. १९५८ ते १९६१ या काळात मिल्स, स्ली आणि एरिक हिल यांनी दक्षिण आकाशाचे २२७० सोर्स तीन भागांत छापले.

मिल्स यांचा क्रॉस उभा राहत होता त्याच काळात, १९५३ ते ५५, त्यांच्याच प्रयोगशाळेत गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण भारतीय कोलंबो योजनेतून शिकायला आला होता. सिडनीतल्याच पॉट्स हिलवरच्या ६ फुटी ३२ तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला सूर्याचा वेध घेऊ लागल्या. तिथून स्वरूप यांची वाट उटीच्या, आणि उटीहून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे गेली.

तर खोडदला या. नारायणगावजवळ, टोमॅटो आणि कांद्याच्या रानांमध्ये. २०११ ची रात्र. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, तारांच्या जाळीच्या, त्यामुळे वारा आरपार जातो. १४ मधोमध दाटीने, १६ तीन दिशांना पसरलेल्या. नियंत्रण कक्षात पडद्यावर १५० मेगाहर्ट्झचा डेटा सरकतोय. मध्येच उभा पांढरा पट्टा येतो: कुठेतरी वीजवाहिनीवर ठिणगी उडाली. तो भाग टाकून द्यावा लागणार. एका पॉइंटिंगला, म्हणजे आकाशातल्या एका जागेला, एकूण साधारण पाव तास, मध्ये मोजमाप जुळवायला कॅलिब्रेटर, मग पुढचं. अशी ५००० हून जास्त पॉइंटिंग, एप्रिल २०१० पासून मार्च २०१२ पर्यंत. दक्षिणेला उणे ५३ अंशांपर्यंत जाता येतं. त्याखाली तबकड्यांना झुकताच येत नाही. टीजीएसएस हे या सर्वेक्षणाचं नाव.

डेटा जमला तरी यादी होत नाही. इतक्या लांब लहरींना आयनांबर वाकवतं, सोर्स पाण्यातल्या चंद्रासारखे हलतात. हुइब इंटेमा, प्रेशांत जगन्नाथन, कुणाल मुळे आणि डेल फ्रेल यांनी सगळा डेटा नव्याने प्रक्रिया करून २०१७ मध्ये यादी प्रसिद्ध केली. ३६,९०० चौरस अंश आकाश, ६ लाख २० हजारांच्या आसपास सोर्स. आणि अट अशी: नॉइजच्या सातपट उठून दिसेल तोच सोर्स ओळीत बसेल. सहापट असलेले कित्येक खरे असतील, तेही बाहेर. फ्लर्सच्या त्या कागदी पट्टीवर पेन्सिलीने घेतलेला निर्णय इथे नियम होऊन बसला आहे.

ही यादी आणि तिच्या प्रतिमा कोणालाही फुकट उघडता येतात. आळंदहूनही. उघडा. विषुवांश १७ तास ३० मिनिटं, क्रांती उणे साडेएकवीस. पडद्यावर तीन-चार कलांचं एक गोल कवच उमटतं, उत्तरेकडची कड जास्त उजळ. १६०४ चा तारा. मन भरेल एवढा वेळ पाहा आणि मग बाजूला सरका, कारण काम तिथे शिल्लक आहे. एखादी रेडिओ आकाशगंगा दोन बाजूंना लाखो प्रकाशवर्षं झोत फेकते. संगणक तिचे दोन लोब, म्हणजे झोतांच्या टोकांचे फुगारे, वेगवेगळे सोर्स समजून दोन ओळी लिहितो. मधली आकाशगंगा ओळखून त्या दोन ओळी एकाच्या नावावर लावायला माणसाचा डोळा लागतो. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या रॅड ॲट होम या उपक्रमात देशभरातले विद्यार्थी याच प्रतिमांवर हे शिकतात. दोन्ही ठिपक्यांचं तेज सारखं आहे का, मधल्या जागी दृश्य प्रकाशातल्या चित्रात आकाशगंगा आहे का, दोन्ही लोब तिच्यापासून एका रेषेत आहेत का, ते तपासा. शंका असेल तर ओळी जोडू नका, शंका लिहून ठेवा.