विमान-प्रतिकृती, रबर-चलित
पीळ दिलेल्या रबरी पट्ट्यांत साठविलेल्या ऊर्जेने पंखा फिरून उडणारे लहान, मानवरहित विमान. आज ते छंदाचे व शिक्षणाचे साधन असले, तरी विमानविद्येच्या आरंभकाळात ते संशोधनाचे उपकरण होते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रयोगांत धनुष्याचा ताण किंवा पोलादी स्प्रिंग वापरीत, परंतु स्प्रिंग वजनाच्या मानाने फार थोडी ऊर्जा साठविते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणामुळे टिकाऊ व लवचिक रबर उपलब्ध झाले. फ्रेंच संशोधक आल्फाँस पेनो (१८५०–८०) यांनी १८७० मध्ये पीळ दिलेले रबर प्रथम हेलिकॉप्टरच्या प्रतिकृतीत योजिले. १८ ऑगस्ट १८७१ रोजी त्यांनी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात सु. १६ ग्रॅ. वजनाचे ‘प्लॅनोफोर’ विमान उडविले. ते ११ सेकंदांत सु. ४० मी. गेले. त्याच्या पंखांची टोके वर वळविलेली असून पुच्छपंखाचा कल मुख्य पंखापेक्षा कमी होता. त्यामुळे तोल ढळल्यास विमान आपोआप पूर्वस्थितीस येई. अंगभूत स्थैर्याचे हे निर्णायक प्रात्यक्षिक होय. १८७६ मध्ये पेनो यांनी पोल गोशो यांच्यासह माणूस वाहून नेणाऱ्या विमानाचे एकस्व घेतले. मात्र ते बांधण्यास साहाय्य मिळाले नाही. निराश होऊन त्यांनी वयाच्या तिसाव्या वर्षी आत्महत्या केली. त्यांच्या कल्पनेवर आधारलेले बांबू, बूच, कागद व रबर यांचे खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांकडून मिळाले होते. उड्डाणाविषयीच्या आपल्या कुतूहलाचे मूळ ते बंधू त्याच खेळण्यात मानीत.

स्पर्धा व प्रशिक्षण : लॉर्ड वेकफील्ड यांनी १९२८ मध्ये दिलेल्या चषकामुळे या प्रकारास आंतरराष्ट्रीय स्थान मिळाले. या गटाच्या सध्याच्या नियमांनुसार रबराचे वजन ३० ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेची वायुशाखा १९५० मध्ये सुरू झाली. तिच्या प्रशिक्षणात विमान-प्रतिकृती बांधणे व उडविणे यांचा समावेश आहे.

रचना व स्थानिक परिस्थिती : हलके बाल्सा लाकूड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील. ते न मिळाल्यास बांबूच्या तासलेल्या काड्या व पतंगाचा कागद यांवर काम भागते. यवतमाळ जिल्ह्याच्या वनांत सागाबरोबर बांबूही मिळत असल्याने तेथील विद्यार्थ्यास सांगाड्याची सामग्री दूर शोधावी लागत नाही. अडचण हवामानाची असते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत हलकी प्रतिकृती सापडल्यास ती दृष्टीआड होते. म्हणून पहाटेची शांत हवा उड्डाणास योग्य ठरते. ऊन व उष्णता यांनी रबर ठिसूळ होते. यास्तव ते थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात. प्रथम पीळ न देता प्रतिकृती हाताने सोडून गुरुत्वमध्य ठरवितात व नंतर पीळ क्रमाक्रमाने वाढवितात. नाक उचलून ती अडखळल्यास पुढे थोडे वजन देतात. सूर मारल्यास ते कमी करतात. पेनो यांनी सिद्ध केलेले स्थैर्याचे तत्त्व अशा रीतीने अल्प खर्चात प्रत्यक्ष पडताळता येते.