शून्याखालचा भाव

बाजारांतील भावाच्या अस्थिरतेला गणिताच्या चौकटींत बसविण्याचा पहिला मोठा प्रयत्न पॅरिस येथें झाला. तो करणारा लुई बाशलिये १८७० सालीं हाव्र बंदरांतील एका व्यापाऱ्याच्या घरीं जन्मला. १८८९ सालीं आईबाप दोघेही निवर्तले आणि शिक्षण सोडून त्याला वडिलांची पेढी पाहावी लागली. पुढें पॅरिसला येऊन त्यानें गणिताचा अभ्यास केला, आणि २९ मार्च १९०० रोजीं सट्ट्याच्या उपपत्तीवरील आपला प्रबंध विद्यापीठापुढें मांडला. परीक्षकांत थोर गणिती आंरी प्वांकारे हे होते.

उद्यां भाव चढेल कीं उतरेल हें कोणासच सांगतां येत नाहीं. दोन्ही शक्यता सारख्याच, असें बाशलियेनें धरलें. त्यावरून त्यानें दाखविलें कीं, भाव मूळ स्थानापासून किती दूर जाईल याचा अंदाज काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. एका दिवसांत जेवढें अंतर संभवतें, त्याच्या दुप्पट अंतरास चार दिवस लागतात. पाण्यांतील सूक्ष्म कणांच्या हालचालीसाठीं हेंच गणित आइन्स्टाइननें १९०५ सालीं स्वतंत्रपणें मांडलें. बाशलिये मात्र १९४६ सालीं वारला, तोंपर्यंत अर्थशास्त्रांत त्याच्या नांवाची फारशी वास्तपुस्त कोणी केली नव्हती.

त्याच्या सूत्रांत एक वैगुण्य दिसत असे. त्याप्रमाणें भाव शून्याच्याही खालीं जाऊं शकतो; आणि माल नेण्यासाठीं विकणारानेंच पैसे द्यावे, ही कल्पना विपरीत वाटे. म्हणून अमेरिकेंत पॉल सॅम्युएलसन यांनीं चढउतार रकमेंत न मोजतां शेकडेवारींत मोजण्याची रीत पुढें आणली. निम्म्याचें निम्में कितीही वेळां केलें तरी शून्य हातीं येत नाहीं, तसा या रीतींत भाव शून्यावर पोंचत नाहीं. याच पायावर १९७३ सालीं फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनीं तेजीमंदीच्या सौद्याचा, म्हणजे ठराविक भावानें खरेदी वा विक्री करण्याच्या हक्काचा, नजराणा किती असावा याचें सूत्र सिद्ध केलें. १९७६ सालीं ब्लॅक यांनीं तें वायद्यांना लावलें. न्यूयॉर्कला १९८३ सालीं खनिज तेलाचा वायदा व १९८६ सालीं त्यावरील तेजीमंदी सुरू झाली. त्या व्यवहारांत हें सूत्र रुळलें.

परंतु तेल म्हणजे कर्जरोखा नव्हे. रोखा पेटींत पडून राहतो. तेलाला टाकी लागते. न्यूयॉर्कच्या वायद्याची मुदत भरली कीं ओक्लाहोमा प्रांतांतील कुशिंग या गांवीं तेल ताब्यांत घ्यावें लागतें. २०२० सालीं करोनाच्या सांथीनें वाहतूक थंडावली, मागणी कोसळली, आणि कुशिंगच्या टाक्यांत भाड्यानें जागा मिळेनाशी झाली. २० एप्रिल रोजीं, मुदत संपण्यास एक दिवस उरला असतां, मे महिन्याचा भाव पिंपामागें उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. ज्यांच्यापाशीं टाकी नव्हती, ते तेल टळावें म्हणून पदरचे पैसे देत होते. २२ एप्रिलपासून बाजारानें तेलाच्या तेजीमंदीसाठीं ब्लॅक यांचें सूत्र बाजूस ठेवून बाशलियेचें स्वीकारलें. १२० वर्षांपूर्वींचें वैगुण्य आतां त्याचा गुण ठरलें.

त्या रात्रीची झळ मुंबईलाही लागली. येथील मल्टी कमोडिटी एक्स्चेंजमधील तेलाच्या वायद्याचा अखेरचा हिशेब न्यूयॉर्कच्या भावावरून होत असे. टाळेबंदीमुळें मुंबईचे व्यवहार सायंकाळीं पांच वाजतांच बंद झाले होते. न्यूयॉर्कचा भाव शून्याखालीं गेला तो त्यानंतर, आणि तेव्हां सौदा मोडून मोकळें होण्याची सोय उरली नव्हती. हिशेबाचा भाव उणे २,८८४ रुपये ठरला. एका सौद्यांत १०० पिंपें; म्हणजे भाव शून्यास येईपर्यंतचा सर्व तोटा सोसून वर प्रत्येक सौद्यामागें २,८८,४०० रुपये भरणें आलें. तेल खरेदी करणारास जास्तींत जास्त किती तोटा होईल, याचा हिशेब अनेकांनीं शून्यापर्यंतच केला होता.

गणितांतील उदाहरण 'समजा' या शब्दानें सुरू होतें. पुढील आंकडेमोड कितीही अचूक असो, उत्तराचा भरंवसा त्या शब्दानंतर काय मानलें आहे यावर असतो. भाव शून्याखालीं जात नाहीं, असें समजून चाललेल्यांना त्या समजुतीची किंमत २०२० सालच्या एका रात्रींत मोजावी लागली.