पॅकेट-वर्गीकरण : सिद्धान्ताची मर्यादा आणि व्यवहाराची साक्ष

आंतरजालावरील संदेश लहान तुकड्यांत विभागून पाठविला जातो. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. त्यास वाटेस लावणारे यंत्र म्हणजे राऊटर. प्रारंभी राऊटरने केवळ गंतव्याचा पत्ता पाहिला तरी पुरेसे होई. १९९३ मध्ये वर्गरहित पत्तापद्धती आल्यावर एकाच पत्त्याशी कमीअधिक लांबीचे अनेक उपसर्ग जुळू लागले, व त्यांपैकी सर्वांत लांब तोच ग्राह्य मानला जाऊ लागला. विशेष नियमाने सामान्य नियमास बाधावे, हा वैयाकरणांना परिचित असा उत्सर्ग-अपवादाचाच न्याय होय.

पुढे सुरक्षेसाठी व निरनिराळ्या सेवांसाठी प्रेषकाचा पत्ता, गंतव्याचा पत्ता, दोन्ही टोकांचे पोर्ट-क्रमांक आणि प्रोटोकॉल अशा पाच रकान्यांचा एकत्र विचार करणे प्राप्त झाले. एकाच पॅकेटास अनेक नियम लागू पडत. त्यांतील अग्रक्रमाचा कोणता, हे क्षणार्धात ठरवावयाचे होते. भूमितीच्या भाषेत हा बहुमितीय अवकाशातील बिंदूचे स्थान शोधण्याचा प्रश्न होता, आणि त्याविषयीचे ज्ञात निष्कर्ष निराशाजनक होते. नियम एक हजार व रकाने चार असता, शोध जलद हवा तर स्मृतिस्थाने हजाराच्या चतुर्थ घाताइतकी लागत. स्मृती वाचवावी तर सुमारे हजार पायऱ्या चढाव्या लागत.

१९९८ मध्ये लक्ष्मण व स्टिलियाडिस यांनी, तसेच श्रीनिवासन, वर्गीस, सुरी व वाल्डफोगेल यांनी या कोंडीवर उपाय सुचविले. परंतु प्रश्नाची दिशा पालटली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील पंकज गुप्ता व निक मॅकिऑन यांच्या १९९९ मधील निबंधाने. संभाव्य नियमांऐवजी त्यांनी प्रत्यक्ष वापरातील ७९३ नियमसंच व त्यांतील ४१,५०५ नियम तपासले. सर्वांत मोठ्या, सुमारे सतराशे नियमांच्या संचात परस्परव्याप्त क्षेत्रे केवळ ४,३१६ आढळली. सिद्धान्ताप्रमाणे ती दहाच्या तेराव्या घाताच्या घरात जाऊ शकत होती. या नियमिततेच्याच आधारावर त्यांनी टप्प्याटप्प्याने वर्गीकरण करणारी जलद रीती उभारली.

तथापि या यशास एक अट आहे. व्यवहारातील नियमांची घडण पालटली, तर त्या घडणीवर विसंबलेल्या रीतीची स्मृतीची गरज अकस्मात वाढू शकते. सर्व नियम एकाच वेळी ताडून पाहणाऱ्या विशेष स्मृतिचकत्या हे भय टाळतात. मात्र त्या महाग असून वीजही अधिक खातात. सिद्धान्ताची मर्यादा येथे खोटी ठरली नाही; व्यवहार तिच्या टोकापर्यंत गेला नाही, इतकेच. शब्दप्रयोगांचा संग्रह पाहून नियम बांधणाऱ्या भाषाभ्यासकासही हे भान बाळगणे अगत्याचे आहे.