अभ्यासक्रमविद्येचा उदय आणि शिक्षकाचे स्थान : शिकागो व न्यूयॉर्क येथील दोन परंपरा

१

शाळेत काय शिकवावे हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. परंतु काय शिकवावे हे कोणत्या रीतीने ठरवावे, हा प्रश्न स्वतंत्र विद्यापीठीय अध्ययनाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना मात्र विसाव्या शतकातील आहे. महाराष्ट्रातील शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत अभ्यासक्रमविकसन हा विषय आज रूढ झाला असून उद्दिष्टे, अध्ययन-अनुभव व मूल्यमापन ही त्रयी प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाच्या तोंडी असते. ही परिभाषा कोठे व कोणत्या गरजेतून निर्माण झाली, आणि तिच्याबरोबर कोणता वाद जन्मास आला, ह्याचे अवलोकन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. तो वाद असा : अभ्यासक्रम घडविण्याचा अधिकार तज्ज्ञाचा की शिक्षकाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हा अधिकार विद्यापीठांकडे होता. माध्यमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरविण्यासाठी १८९२ मध्ये जी दहा जणांची समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे होते. आणि समितीचे बहुसंख्य सभासद विद्यापीठे व महाविद्यालये ह्यांचे अध्यक्ष वा प्राध्यापक होते. प्रत्यक्ष समितीत सामान्य वर्गशिक्षकाला स्थान नव्हते. परंतु त्यानंतरच्या तीन दशकांत माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि ज्यांना महाविद्यालयात जावयाचे नाही अशा मुलांनी शाळेत काय शिकावे, ह्याचे उत्तर विद्यापीठांच्या प्रवेश-नियमांत सापडेना. अभ्यासक्रमाचा शास्त्रीय विचार करण्याची निकड येथून उत्पन्न झाली.

२

ह्या विचाराला पहिले सुसंबद्ध रूप देणाऱ्यांत शिकागो विद्यापीठातील जॉन फ्रँकलिन बॉबिट ह्यांची गणना केली जाते. त्यांचा ‘द करिक्युलम’ हा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या ग्रंथात त्यांनी स्वतःच्या एका चुकीची प्रांजळ कबुली दिली आहे. शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपीन बेटांत प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीत ते होते. तेथील लोकांच्या गरजा सर्वस्वी निराळ्या असूनही समितीने अमेरिकेत चालू असलेली वाचन, अंकगणित, भूगोल व अमेरिकेचा इतिहास ह्यांची पुस्तके टेबलावर मांडली व त्यांवरून अभ्यासक्रम बेतला. आपण काही विसंगत करीत आहोत हे त्या वेळी समितीतील कोणाच्या ध्यानातही आले नाही. आपल्याजवळ सद्‌हेतू होता, अधिकार होता, परंतु विचाराची पद्धत नव्हती, असा ह्या अनुभवाचा निष्कर्ष बॉबिट ह्यांनी काढला.

ही पद्धत त्यांनी कारखान्यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरून घेतली. प्रौढ मनुष्य जीवनात कोणकोणत्या क्रिया करतो त्यांचे पृथक्करण करावे, त्या क्रियांसाठी लागणाऱ्या कौशल्यांची यादी करावी, आणि ती यादी म्हणजेच शाळेची उद्दिष्टे समजावीत, असे हे तंत्र होते. १९२४ मधील दुसऱ्या ग्रंथात त्यांनी मानवी जीवनाचे दहा विभाग पाडून उद्दिष्टांची विस्तृत जंत्रीच दिली. ह्या पद्धतीचा लाभ उघड आहे : पूर्वपरंपरा एवढ्याच आधारावर कोणताही विषय शाळेत राहू शकत नाही, त्याला आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागते. परंतु तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. आहे त्या समाजाच्या क्रियांची मोजदाद करून जो अभ्यासक्रम निघतो तो आहे त्या समाजाचीच पुनरावृत्ती करणार. शिवाय ही मोजदाद करणारा तज्ज्ञ शाळेबाहेर उभा असतो. शिक्षकाकडे येते ती केवळ अंमलबजावणी. त्याच शिकागो विद्यापीठात १८९६ मध्ये जॉन ड्यूई ह्यांनी प्रयोगशाळा उघडली होती, आणि मुलाचा अनुभव व ज्ञानविषय ह्यांचा सांधा शिक्षकानेच जुळवावयाचा असतो, अशी तिची धारणा होती. १९०४ मध्ये ड्यूई शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

३

न्यूयॉर्क येथील टीचर्स कॉलेज १८८७ मध्ये एका प्रशिक्षणशाळेच्या रूपाने स्थापन झाले व पुढे कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न झाले. तेथे १९३८ मध्ये ‘अभ्यासक्रम व अध्यापन’ असा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. ह्या नावाचा विद्यापीठीय विभाग म्हणून त्याला अग्रमान दिला जातो. विभागाचे पहिले प्रमुख हॉलिस कॅसवेल हे होत. नावातील दोन पदांची जोडणी अर्थपूर्ण आहे. पूर्वी अभ्यासक्रम हा प्रशासकांचा, तर अध्यापनपद्धती हा शिक्षकांचा प्रांत समजला जाई. दोहोंचा संयोग करणे म्हणजे काय शिकवावे व कसे शिकवावे हे दोन प्रश्न एकाच माणसाने विचारावयाचे आहेत, असे मान्य करणे होय.

ह्या मान्यतेला प्रत्यक्ष कार्याचा आधार होता. १९२० ते १९२७ ह्या काळात डेन्व्हर शहराचे शिक्षणप्रमुख असलेल्या जेसी न्यूलन ह्यांनी अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेचे काम शिक्षकांच्या समित्यांकडे सोपविले, आणि ह्या कामासाठी शिक्षकांना वर्गातून मोकळीक मिळावी म्हणून बदली शिक्षकांची व्यवस्था केली. ही तरतूद वरवर किरकोळ वाटते. परंतु शिक्षकाच्या सहभागाविषयीच्या इतर अनेक घोषणांपेक्षा तिचे मोल अधिक आहे. विचार करण्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ शाळा संपल्यानंतरच्या थकलेल्या तासांतून काढावयाचा नसतो, हे तत्त्व तीत मान्य झाले होते. १९३१ पासून व्हर्जिनिया राज्यात जो व्यापक कार्यक्रम झाला त्याचे सल्लागार कॅसवेल हे होते. तेथे शिक्षकांनी प्रथम अभ्यासमंडळांत एकत्र येऊन शिक्षणाचे प्रयोजन, विषयांचे स्वरूप व मुलांच्या गरजा ह्यांचा विचार करावा व नंतर लेखनास हात घालावा, असा क्रम ठेवण्यात आला. नवी पुस्तिका शिक्षकाच्या हाती दिल्याने वर्ग बदलत नाही. शिक्षकाची समज बदलली तरच तो बदलतो, हे ह्या अनुभवाचे सार. त्याच विभागातील ॲलिस मील ह्यांनी १९४६ मध्ये अभ्यासक्रमातील परिवर्तन ही एक सामाजिक प्रक्रिया आहे, असे प्रतिपादन केले.

४

शिकागोच्या परंपरेला नवे वळण दिले ते राल्फ टायलर ह्यांनी. १९०२ मध्ये जन्मलेल्या टायलर ह्यांनी तारुण्यात दक्षिण डाकोटातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविले होते. १९२७ मध्ये शिकागोहून डॉक्टरेट मिळविल्यावर ते काही वर्षांनी ओहायो राज्य विद्यापीठात गेले. १९३३ ते १९४१ ह्या काळात प्रगतिशील शिक्षण संघटनेने ‘अष्टवार्षिक अध्ययन’ हा प्रसिद्ध प्रयोग केला. त्यातील सुमारे तीस शाळांना महाविद्यालयीन प्रवेशाच्या नेहमीच्या विषय-अटींतून मुक्त करण्यात आले होते. मूल्यमापनाचे काम टायलर ह्यांच्याकडे होते. प्रयोगशाळांतील व इतर शाळांतील विद्यार्थ्यांच्या १,४७५ जोड्या लावून त्यांची महाविद्यालयातील प्रगती पाहण्यात आली, तेव्हा मुक्त अभ्यासक्रम शिकलेले विद्यार्थी कोठेही मागे पडलेले आढळले नाहीत.

ह्याच प्रयोगातून आणखी एक फळ निघाले. स्वातंत्र्य मिळाले, परंतु त्याचे काय करावे हे शाळांना सुचेना. म्हणून १९३६ च्या उन्हाळ्यात ओहायो येथे शिक्षक आपापल्या शाळेतील खऱ्या अडचणी घेऊन एकत्र जमले व विद्यापीठातील अध्यापकांच्या साहाय्याने त्यांवर काम करू लागले. आज आपण ‘कार्यशाळा’ म्हणतो तिचा शिक्षणक्षेत्रातील उगम येथे दाखविला जातो. मूळच्या कार्यशाळेत शिक्षक आपला प्रश्न घेऊन येत असे. पुढे कित्येक ठिकाणी तो आदेश ऐकावयास येऊ लागला. नाव तेच राहून आशय उलटा झाल्याचे हे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

१९३८ मध्ये टायलर शिकागोस शिक्षण विभागाचे प्रमुख झाले. तेथे ते ‘एज्युकेशन ३६०’ ह्या क्रमांकाचा पदव्युत्तर पाठ्यक्रम शिकवीत. ह्या पाठ्यक्रमाची टिपणे ‘बेसिक प्रिन्सिपल्स ऑफ करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ ह्या नावाने १९४९ मध्ये पुस्तकरूप झाली. सुमारे सव्वाशे पृष्ठांच्या ह्या पुस्तकात चार प्रश्न आहेत : शाळेने कोणती उद्दिष्टे गाठावीत? त्यांसाठी कोणते अनुभव निवडावेत? त्या अनुभवांची रचना कशी करावी? आणि उद्दिष्टे साध्य झाली किंवा नाही हे कसे ओळखावे? येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. टायलर ह्यांनी ह्या प्रश्नांची उत्तरे दिलेली नाहीत. उत्तरे ज्या त्या शाळेने शोधावयाची असून प्रश्न कसा हाताळावा एवढेच आपण दाखवीत आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

तथापि प्रश्नांचा क्रमच हळूहळू उत्तर समजला जाऊ लागला. उद्दिष्टे प्रथम असल्यामुळे ती ठरविणारा वरिष्ठ, व पुढील तीन पायऱ्या पार पाडणारा कनिष्ठ, अशी श्रेणी रूढ झाली. हा धोका टायलर ह्यांच्याच सहकारी हिल्डा टाबा ह्यांनी ओळखला. एस्टोनियात जन्मलेल्या व कोलंबियात डॉक्टरेटचे अध्ययन केलेल्या टाबा ह्या दोन्ही परंपरांच्या संगमावर उभ्या होत्या. १९६२ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी क्रम उलटविला : शिक्षकांनी प्रथम आपल्या वर्गासाठी प्रायोगिक पाठघटक तयार करावेत, ते पारखून घ्यावेत, आणि त्यांतून व्यापक आराखडा वर चढत जावा. १९६९ मध्ये शिकागोच्याच जोसेफ श्वाब ह्यांनी तर हे क्षेत्र मरणासन्न झाले असल्याचा इशारा दिला. सिद्धांतांवरील अतिविश्वास हे त्याचे कारण असून, प्रत्यक्ष परिस्थितीतील विचारविनिमय हाच त्यावरील उपाय होय, असे त्यांचे म्हणणे होते.

५

भारतात ही विद्या मुख्यतः परीक्षेच्या दाराने आली. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. ही पदवी सुरू केली होती, आणि पदव्युत्तर शिक्षणशास्त्राची पायवाट तेव्हाच पडली होती. परंतु उद्दिष्टांची परिभाषा प्रचारात आली ती स्वातंत्र्योत्तर काळात. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बाह्य परीक्षेच्या वर्चस्वावर टीका केली. १९५७ मध्ये टायलर ह्यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम भारतात आले व परीक्षा-सुधारणेसंबंधी त्यांनी ठिकठिकाणी शिक्षकांबरोबर काम केले. ब्लूम व त्यांचे सहकारी ह्यांनी रचलेले शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा-एकक स्थापन झाले. ह्या कार्याने प्रश्नपत्रिकांत निश्चित सुधारणा झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु चार प्रश्नांपैकी चौथा प्रश्न आपल्याकडे प्रथम पोहोचला, आणि पहिला प्रश्न शिक्षकासमोर फारसा आलाच नाही. ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द शिक्षक पाठ-टाचणात लिहू लागला; कोणते ज्ञान व कोणासाठी, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे आला नाही.

वस्तुतः हा पहिला प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी विचारला गेला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले ह्यांनी कुणब्यांच्या मुलांच्या शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्य ह्यांचा अंतर्भाव असावा, अशी मागणी केली होती. तिच्याच जोडीने, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांस पुरेसे वेतन मिळावे, आणि नांगर हाती धरण्यास ज्यांना लाज वाटणार नाही अशांतून ते निवडले जावेत, असेही त्यांनी सुचविले होते. बॉबिट ह्यांना फिलिपीन बेटांत जे उशिरा उमगले ते फुले ह्यांनी त्यांच्या कितीतरी आधी मांडले होते. शिवाय अभ्यासक्रमाचा प्रश्न शिक्षकाच्या प्रश्नापासून त्यांनी वेगळा केला नव्हता, हे विशेष होय.

कोठारी आयोगाने (१९६४–६६), ज्याचे सभासद-सचिव जे. पी. नाईक हे होते, अभ्यासक्रमाविषयीच्या संशोधनाचा व काही शाळांना प्रायोगिक अभ्यासक्रमाचे स्वातंत्र्य देण्याचा पुरस्कार केला. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी ‘बालभारती’ची स्थापना झाली. स्वस्त, निर्दोष व समान पुस्तके सर्वदूर पोहोचविण्याचे तिचे कार्य मोठे आहे. परंतु समानता व शिक्षकाचे स्वातंत्र्य ही दोन मूल्ये नेहमी एका दिशेने जात नाहीत, आणि खेड्यातील एकशिक्षकी शाळेत तर पुस्तक हाच अभ्यासक्रम होऊन बसतो. ह्याचा दोष पुस्तकाकडे जात नाही. डेन्व्हरच्या शिक्षकाला मिळालेला विचारासाठीचा वेळ त्या शिक्षकाला कोणी दिलेला नसतो, हे त्याचे खरे कारण आहे.

६

शिकागो विद्यापीठाने आपला शिक्षण विभाग २००१ मध्ये बंद केला. ड्यूई, बॉबिट, टायलर व ब्लूम ह्यांची परंपरा ज्या विभागाशी निगडित होती तो विभाग आज अस्तित्वात नाही. पण तेथील चार प्रश्न मात्र मुंबई, पुणे व नागपूर येथील वर्गांत लिहून घेतले जात आहेत. २०१४ च्या नियमांनुसार भारतात बी.एड. व एम.एड. ह्या दोन्ही पदव्यांचा कालावधी दोन वर्षांचा करण्यात आला, आणि अभ्यासक्रमाच्या अध्ययनाला त्यात अधिक अवकाश मिळाला.

ह्या अवकाशाचा उपयोग कसा होतो, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. अभ्यासक्रमविद्येचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते : ती विद्या जेथे शिक्षकाच्या प्रत्यक्ष कामाशी जोडलेली राहिली तेथे तिने वर्ग बदलले, जेथे ती केवळ परिभाषा होऊन राहिली तेथे तिने टाचणवह्या भरल्या. पदव्युत्तर पदवी घेतलेला शिक्षक शाळेत परततो तेव्हा त्याला अभ्यासक्रमाविषयी बोलण्याचे ज्ञान असते, परंतु तो घडविण्याच्या प्रक्रियेत जागा नसेल तर ते ज्ञान वांझ राहते. टायलर ह्यांनी आपले चार प्रश्न ज्या वर्गापुढे ठेवले त्यात शाळांत काम केलेले शिक्षकही बसत. ते प्रश्न उत्तरपत्रिकेतून पुन्हा शाळेत नेणे, हे ह्या विद्येच्या अध्यापकांपुढील खरे कार्य होय.