दान म्हणजे भीक नव्हे

आम्ही विद्वान नाही. गिरणीत साच्यावर उभे राहून, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले तेवढीच आमची शिदोरी. पण दानाविषयी आम्हांला बोलायचे आहे, कारण दान घेण्याची वेळ आमच्या घरावर आलेली आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा बेमुदत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. घरातली भांडी मोडीत गेली, आईच्या कानातलं गेलं. एका संस्थेने धान्य वाटले, तिचे नाव घेत नाही. दहा किलो ज्वारीसाठी बाबांना भर उन्हात रांगेत उभं केलं, पाहुणे येईपर्यंत थांबवलं आणि पिशवी हातात देताना फोटो काढला. घरी येऊन बाबा एवढंच म्हणाले, "पोटाला मिळालं, पण मान गेली." त्याच महिन्यात चाळीतल्या लोकांनी आपसांत वर्गणी काढून आमची शाळेची फी भरली. कोणी किती दिले ते बाबांना अखेरपर्यंत कळलं नाही. दोन्ही मदतच होती. मग फरक कुठे पडला? त्याचे उत्तर आम्हांला आपल्याच इतिहासात सापडले.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधता शोधता तो उपाशीपोटी भगवंतांच्या प्रवचनाला उशिरा पोचला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला उपदेश पचत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पण एक वेळचे जेवण घालून भगवान थांबत नाहीत. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा येते. राज्यात चोर-दरोडेखोर माजलेले असताना राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो, की कर वाढवून आणि फाशी देऊन चोऱ्या थांबणार नाहीत. जो शेती करतो त्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पगार द्या. लोक आपापल्या कामाला लागतील आणि घराची दारे उघडी ठेवून झोपतील. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात याचीच दुसरी बाजू आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या. गरिबी हे मागच्या जन्माचे पाप आहे असे म्हणून इथे कोणी हात झटकत नाही. ती राज्यकारभाराची चूक ठरते.

ही शिकवण पोथीतच राहिली का? नाही. सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, वनस्पती लावल्या, विहिरी खोदल्या. आपल्या मुंबईजवळच्या सोपाऱ्याला त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला. धम्मयात्रेत वृद्धांना भेटून त्यांना धन द्यावे, ही गोष्ट त्या आठव्या लेखात आहे. नवव्या लेखाचा तुकडा तिथेच जवळ सापडला तो १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी! दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे तो नववा लेख सांगतो.

आता नाशिकला चला. त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे. आम्ही हिशेब करून पाहिला. महिना २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. पै न् पैचा मेळ बसतो! मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, आणि हे सगळे नगरसभेत फलकावर नोंदवलेले. दुसऱ्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, तेली वगैरेंच्या श्रेणींकडे पैसे ठेवल्याची नोंद आहे.

कोणी म्हणेल, हे तर भिक्षूंना दिलेले दान, गरिबांना कुठे? बरोबर आहे. पण रीत पाहा. पैसा सांभाळणारे कोण? विणकर, कुंभार, तेली, म्हणजे हातावर पोट असलेले लोक. आणि देणारे फक्त राजेच होते असेही नाही. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. त्या काळी कष्टकऱ्याचा शब्द बँकेसारखा चालत होता.

पुढे काय झाले? ज्या कष्टकऱ्यांवर समाजाने विश्वास टाकला होता, त्यांच्यातल्याच कित्येकांना जातीने अस्पृश्य केले. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना साळखात्यात घेत नसत. कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! चांगल्या पगाराचे काम आपल्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे साळखाते आपल्याला खुले करा, अशी मागणी लावून धरली. त्यांनी ज्वारीची पिशवी मागितली नाही, कामाचा हक्क मागितला. महाविजिताच्या पुरोहिताने जे सांगितले तेच हे. आणि ज्या नाशिकात विणकर संघाची ठेव सांभाळत होते, त्याच नाशिकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दाराशी आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला.

१५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्याला मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. म्हणजे शंभरातले पाच रुपये. बंधुभगिनींनो, आपल्यापैकी किती जण देतो? आम्हीही दरवर्षी दिलेले नाहीत, हे कबूल करतो.

यंदा विहारात संगमरवर बसवायचा विषय निघाला आहे. आमचा विरोध नाही. पण आमची एक विनंती आहे. आधी एक निधी काढा. मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही. व्याजातून आजाऱ्याचे औषध आणि मुलांची फी. जमाखर्च फळ्यावर लिहा, पण घेणाऱ्याचे नाव लिहू नका. फोटो तर नकोच. दिलेल्या पैशाचा हिशेब सगळ्यांना दिसावा, घेणाऱ्याची गरज मात्र चार माणसांपलीकडे जाऊ नये.

आपल्या वस्तीतल्या कुठल्याही बापाने घरी येऊन "मान गेली" असं म्हणू नये. एवढं जमलं तरी आपला विहार त्रिरश्मीच्या वाटेवर आहे असे आम्ही समजू.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!